इमू आणि शहामृग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उंच मानेचा, न उडणारा मोठा पक्षी दिसला की बहुतेकांच्या तोंडून 'शहामृग' हाच शब्द निघतो. प्राणिसंग्रहालयात मोठ्या पक्ष्यांच्या कुंपणापाशी उभी राहून मी लोकांना माहिती सांगते. तिथे इमूकडे बोट दाखवून "हे शहामृगाचं पिल्लू आहे का?" असं विचारणारं कुणी ना कुणी रोज भेटतंच. विचारणाऱ्याचा त्यात काही दोष नाही, कारण लांबून बघितलं तर साम्य आहेच. पण हे दोन पक्षी वेगवेगळ्या वाटांनी इथवर आलेत, आणि त्या वाटांच्या खुणा त्यांच्या अंगावर स्पष्ट दिसतात. नेहमी कानावर पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

दोघांना पटकन ओळखायचं कसं?

पायांकडे बघा. शहामृगाच्या पायाला दोनच बोटं असतात, इमूच्या पायाला तीन. आज जिवंत असलेल्या पक्ष्यांमध्ये दोन बोटांचा पक्षी शहामृगाशिवाय दुसरा नाही, त्यामुळे ही खूण कधीच फसवत नाही.

पाय गवतात लपले असतील तर मांड्या बघा. शहामृगाच्या मांड्या उघड्या, पिसांशिवाय असतात. इमूच्या मांड्या पिसांनी झाकलेल्या असतात आणि अंगावरची पिसं दोन्ही बाजूंना केसांसारखी लोंबत असतात, जणू पाठीवर मधोमध भांग पाडलाय. मानेतही फरक आहे. शहामृगाच्या मानेवर नुसती विरळ लव असते. इमूच्या मानेवर काळपट, विस्कटलेली पिसं असतात आणि त्यांच्या फटींतून निळसर कातडी दिसते.

इमू म्हणजे लहान आकाराचा शहामृगच ना?

नाही. आकारात तो लहान आहे एवढं खरं. शहामृगाचा पूर्ण वाढलेला नर २.१ ते २.८ मीटर उंच असतो आणि त्याचं वजन १०० किलोच्या पुढे सहज जातं. जगातला सर्वांत मोठा पक्षी तोच. इमू दीड ते १.९ मीटरपर्यंत वाढतो आणि वजनाला साधारण ३० ते ४५ किलो भरतो. म्हणजे एका मोठ्या शहामृगाच्या वजनात तीन इमू बसतील. पण उंची आणि वजन सोडून पाय, पिसं, अंडी, आवाज, संसार अशी एकेक गोष्ट बघत गेलं की दोघांमधलं अंतर वाढतच जातं.

मग त्यांचं एकमेकांशी नातं काय?

लांबचं. इमूचा सर्वांत जवळचा नातेवाईक कॅसोवरी. न्यू गिनी आणि उत्तर ऑस्ट्रेलियाच्या जंगलांत राहणारा, डोक्यावर शिंगासारखा तुरा असलेला हा पक्षी. शहामृगाची शाखा या सगळ्या गोतावळ्यातून फार आधी फुटली. न उडणाऱ्या मोठ्या पक्ष्यांचं कुळ डोळ्यांसमोर आणलं तर एका बाजूला एकटा शहामृग उभा राहील, आणि दुसऱ्या बाजूला इमू, कॅसोवरी, किवी, रिया आणि तिनामू हे बाकीचे सगळे.

यात तिनामू महत्त्वाचा. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतला हा तितरासारखा दिसणारा पक्षी उडू शकतो, आणि तो या कुळात बाहेरून चिकटलेला नाही, अगदी मधोमध बसतो. त्यावरून निघणारा अर्थ मला फार मोलाचा वाटतो: या सगळ्यांचे पूर्वज उडणारे होते आणि उडणं एकदा नाही, वेगवेगळ्या ठिकाणी अनेकदा सुटलं. पूर्वी असं मानत की यांचा पूर्वज आधीच न उडणारा होता आणि दक्षिणेतला महाखंड फुटल्यावर त्याचे वंशज वेगवेगळ्या भूभागांवर अडकले. २०१४ साली मादागास्करच्या नामशेष झालेल्या हत्तीपक्ष्याचा डीएनए वाचला गेला. त्याचा जवळचा नातेवाईक शेजारच्या आफ्रिकेतला शहामृग निघेल अशी अपेक्षा होती, पण निघाला तो समुद्रापार न्यूझीलंडमधला किवी. तेव्हापासून ती जुनी मांडणी मागे पडली.

म्हणजे लांब पाय, लांब मान आणि आखूड पंख हे रूप आफ्रिकेच्या माळावर शहामृगाने कमावलं आणि ऑस्ट्रेलियाच्या माळावर इमूने, स्वतंत्रपणे. "सारखे दिसतात" याचं खरं कारण हे आहे.

दोन बोटं कमी पडत नाहीत का?

उलट, पळायला तीच उपयोगी. पळणाऱ्या प्राण्याला दर पावलाला पाय पुढे फेकावा लागतो, आणि पायाच्या टोकाशी वजन जितकं कमी तितका तो झटकन फिरतो. घोड्याने हेच केलं आणि एका खुरावर आला. शहामृग दोन बोटांवर थांबला. आतलं बोट मोठं, त्याला जाड, खुरासारखी नखी. बाहेरचं बोट लहान, त्याला बहुधा नखीही नसते, ते तोल सांभाळतं. पायाचे ताकदीचे स्नायू सगळे वर, मांडीपाशी. खालचा भाग म्हणजे लांब हाडं आणि ताणलेल्या स्नायुबंधांच्या दोऱ्या.

शहामृग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास वेग गाठतो. दोन पायांवर पळणारा याहून वेगवान प्राणी आज नाही. इमू ताशी ५० किलोमीटरच्या आसपास जातो, तोही कमी नाही.

त्यांचे गुडघे मागे का वाकतात?

जो मागे वाकताना दिसतो तो गुडघा नसून घोटा असतो. खरा गुडघा वर, अंगाशी पिसांत लपलेला असतो आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. सगळ्याच पक्ष्यांचं असं आहे. या दोघांचे पाय लांब म्हणून ते नजरेत भरतं.

पिसांमध्ये काय फरक आहे?

हे शब्दांत सांगण्यापेक्षा मी लोकांच्या हातात देते. इमूचं गळलेलं पीस घ्या आणि देठाशी चिमटीत धरून उजेडाकडे करा. एकाच देठातून दोन दांड्या निघालेल्या दिसतात, जवळजवळ सारख्याच लांबीच्या. हलकं फुंकलं की दोन्ही वेगळ्या होऊन झुलतात. बऱ्याच पक्ष्यांच्या पिसाला मुळाशी असं दुसरं पीस असतं, पण ते बारीकसं, कळेल न कळेल असं. मुख्य पिसाएवढं लांब झालेलं ते दिसतं इमूत आणि त्याच्या भावकीतल्या कॅसोवरीत. शहामृगाच्या पिसाला दांडी एकच.

आता दोघांची पिसं शेजारी ठेवा. उडणाऱ्या पक्ष्याच्या पिसाचे धागे एकमेकांत अडकलेले असतात. बोटाने विस्कटले तरी दोनदा हात फिरवला की पुन्हा जुळतात. या दोघांच्या पिसांत ती अडकणच नाही. म्हणून शहामृगाचं पीस मऊ, फुललेलं राहतं आणि इमूचं केसासारखं खाली लोंबतं. हवेला रेटायचंच नसेल तर सपाट, घट्ट पीस हवंय कशाला?

इमूच्या पिसांची टोकं काळपट असतात. उन्हाची धग त्या टोकांपाशीच अडते आणि आतला थर ती कातडीपर्यंत पोचू देत नाही, म्हणून भर दुपारीही इमू उघड्यावर चरताना दिसतो. शहामृग उष्णता घालवतो ती उघड्या मांड्यांमधून. ऊन असलं की पंख उचलून धरतो म्हणजे मांड्यांना वारा लागतो, आणि रात्री गारठा पडला की त्याच पंखांनी मांड्या झाकून घेतो.

पंख आहेत, मग उडत का नाहीत?

उडणाऱ्या पक्ष्याच्या छातीच्या हाडावर होडीच्या तळासारखा उभा कंगोरा असतो, आणि उडण्याचे मोठे स्नायू त्याला धरून असतात. इमूला आणि शहामृगाला तो कंगोराच नाही. शिवाय एवढं वजन.

पण शहामृगाचे पंख निकामी आहेत असं समजू नका. पळताना वळायला, तोल राखायला, मादीसमोर नाच करायला आणि पिल्लांवर सावली धरायला तो ते वापरतो. इमूचे पंख मात्र वीतभरच असतात आणि पिसांखाली असे लपतात की पुष्कळांना ते आहेत हेच कळत नाही.

नर कोण, मादी कोण हे कसं ओळखतात?

शहामृगात सोपं आहे. नर काळा, पंखांची आणि शेपटीची पिसं पांढरी. मादी मातकट करड्या रंगाची.

इमूत रंगावरून कळत नाही, दोघंही तपकिरी. मादी सहसा थोडी मोठी असते, पण एकटी उभी असेल तर तेवढ्यावरून सांगता येत नाही. आवाज ऐकला की मात्र सांगता येतं.

इमूच्या गळ्यातून ढोल वाजल्यासारखं काय येतं?

ती मादी. इमूच्या श्वासनळीला एक चीर असते आणि तिच्याभोवती फुगणारी पिशवी. मादी त्या पिशवीत हवा भरते, मान फुगते आणि चोच बंद असतानाच आतून खोल 'ढुम्म… ढुम्म' उमटतं. जवळ उभं असलं तर तो नाद कानाआधी छातीत जाणवतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा लांब कुठेतरी कुणी पिंप बडवतंय असं वाटून मी मागे वळून पाहिलं होतं, आणि आवाज तर माझ्यापासून चार हातांवरून येत होता. नर नुसता घुरघुरतो.

शहामृगात उलट आहे. तिथे नर मान फुगवून घुमतो, आणि तो आवाज सिंहाच्या डरकाळीच्या इतका जवळ जातो की आफ्रिकेत फिरलेल्या प्रवाशांनी दोन्हींत गल्लत होत असल्याचं लिहून ठेवलंय.

अंडी सारखीच असतात का?

शेजारी ठेवली तर कुणीही दोन्ही वेगळी सांगेल. शहामृगाचं अंडं साईच्या रंगाचं, गुळगुळीत, सुमारे १५ सेंटीमीटर लांब आणि जवळजवळ १.४ किलो वजनाचं. कोंबडीची २४ अंडी त्यात मावतील. कवच साधारण दोन मिलिमीटर जाड, त्यावर नखाने टिचकी मारली तर चिनी मातीच्या भांड्यासारखा आवाज येतो.

इमूचं अंडं गडद हिरवं, कधी कधी काळ्याकडे झुकणारं, हाताला खरबरीत लागणारं. वजन अर्धा किलोच्या थोडं पुढे. कवचाचे थर वेगवेगळ्या छटांचे असतात, वर गडद हिरवा आणि आत जावं तसा फिका होत पांढरा. वरचा थर खरवडला की खालची छटा उघडी पडते, आणि याच गुणामुळे ऑस्ट्रेलियातले आदिवासी कलाकार त्यावर कोरीवकाम करतात. शहामृगाच्या कवचांना माणसाचा हात लागला तो त्याहून कितीतरी आधी. दक्षिण आफ्रिकेतल्या डीप्क्लूफ इथे सापडलेल्या, रेघांची नक्षी कोरलेल्या कवचांचं वय सुमारे ६०,००० वर्षं आहे. कलाहारीतले सान लोक अशी कवचं पाणी साठवायला वापरत आले.

शहामृगाचं अंडं जगात सर्वांत मोठं, पण आईच्या शरीराच्या मानाने बघितलं तर पक्ष्यांच्या अंड्यांत ते सर्वांत लहानांपैकी आहे. त्याच कुळातल्या किवीचं अंडं आईच्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याएवढं असू शकतं.

अंडी कोण उबवतं? आई की बाप?

मला कुणी यातला एकच प्रश्न निवडायला सांगितला तर मी हा निवडेन.

इमूचा बाप एकट्याने उबवतो. नरांसाठी माद्याच एकमेकींशी भांडतात. मादी साली-पानांच्या साध्या गादीवर ५ ते १५ अंडी घालते आणि बरेचदा निघून जाते, कधी दुसऱ्या नराबरोबर पुन्हा जोडी जमवते. नर बसतो तो सुमारे आठ आठवडे. या काळात तो खात नाही, पाणीही जवळजवळ पीत नाही, विष्ठासुद्धा टाकत नाही. दिवसातून दहाएक वेळा उठतो, अंडी चोचीने फिरवतो आणि पुन्हा बसतो. आधी साठवलेल्या चरबीवर दिवस काढतो. पिल्लं बाहेर येईपर्यंत त्याचं वजन तिसऱ्या हिश्श्याने उतरलेलं असतं.

पिल्लं दुधाळ रंगाची, अंगावर तपकिरी उभे पट्टे असलेली. ती काही दिवसांत चालायला लागतात आणि पुढचे पाच-सहा महिने, कधी वर्षाहून अधिक, बापाच्या मागे हिंडतात. त्या काळात तो कुणालाच जवळ येऊ देत नाही, पिल्लांच्या आईलाही नाही.

शहामृगाचा संसार वेगळाच आहे. नर जमिनीत उथळ खळगा उकरतो. एक मुख्य मादी त्यात अंडी घालते आणि आणखी काही माद्या येऊन त्याच खळग्यात आपली अंडी टाकून जातात. उबवायचं काम मुख्य मादी आणि नर दोघंच करतात: दिवसा बहुतेक मादी, कारण तिचा मातकट रंग मातीत मिसळतो, आणि रात्री काळा नर. सुमारे सहा आठवडे.

अंडी जास्त झाली तर? एका वेळी विसेक अंडीच अंगाखाली मावतात. ब्रायन बर्ट्रॅम यांनी केनियात जंगली शहामृगांच्या घरट्यांचा अभ्यास केला तेव्हा असं दिसलं की मुख्य मादी स्वतःची अंडी ओळखते आणि कडेला ढकलते ती दुसऱ्यांची. आपल्या डोळ्यांना सगळी अंडी सारखीच पांढरी दिसतात. ती कवचावरच्या बारीक छिद्रांच्या ठेवणीवरून ओळखत असावी. कडेला गेलेली अंडी आधी तरसा-कोल्ह्यांच्या तोंडी जातात आणि मधली वाचतात, म्हणून दुसऱ्यांची थोडी अंडी जवळ असणं तिच्याही फायद्याचं ठरतं.

शहामृग वाळूत डोकं खुपसतो हे खरं का?

नाही. तसं केलं तर श्वास कोंडेल. घरटं जमिनीतच असल्यामुळे अंडी फिरवताना डोकं खळग्यात जातं. शिवाय धोका वाटला की, विशेषतः अंड्यांवर बसलेला असताना, तो मान जमिनीला लांब चिकटवून निपचित पडतो. लांबून फक्त अंगाचा ढिगारा दिसतो. पळायची सोय असेल तर तो पळतोच.

कोण जास्त धोकादायक?

शहामृग, निर्विवाद. तो लाथ पुढे मारतो, आणि त्या खुरासारख्या नखीने माणूस मेल्याच्या घटना आहेत. विणीच्या दिवसांतला नर तर कुंपणाशी आलेल्या कुणालाही शत्रूच समजतो. त्याची मान आणि चोच लाल-गुलाबी झालेली दिसली की मागे सरका. इमूचीही लाथ बसते आणि नख्या फाडतात, पण तो सहसा कुतूहलाने जवळ येतो आणि चकाकणाऱ्या वस्तूवर चोच मारून बघतो. कानातली, चाव्या, बटणं सांभाळा.

ते दगड का गिळतात?

दात नाहीत म्हणून. पोटातल्या पेषणीत ते खडे अन्न दळतात. दोघंही मुख्यतः पाला, बिया, फळं, फुलं खातात. इमू त्यात किडे, सुरवंट, टोळ जास्त घेतो.

मूळचे कुठले?

इमू ऑस्ट्रेलियाचा, शहामृग आफ्रिकेचा. शहामृग पूर्वी अरबस्तानातही होते, आणि फार प्राचीन काळी तर आशियात चीन, मंगोलिया आणि भारतापर्यंत. त्यांच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे तिथे सापडले आहेत. सोमाली शहामृग हा निळसर मानेचा प्रकार आता स्वतंत्र जात धरला जातो.

नावावरून मात्र गोंधळू नका. मराठी नावात 'मृग' असला तरी हरणाशी याचं काही नातं नाही. फारसीत 'मुर्ग' म्हणजे पक्षी, आणि तिथे शहामृगाला 'शुतुर्मुर्ग', म्हणजे उंटपक्षी म्हणतात. शास्त्रीय नावातही 'कॅमेलस' म्हणजे उंटच आहे.

इमूंविरुद्ध खरंच युद्ध झालं होतं का?

सैनिक आणि मशीनगन नेल्या होत्या, हे खरं. १९३२ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कॅम्पियन भागात सुमारे २०,००० इमू गव्हाच्या शेतांत उतरले. शेतकऱ्यांमध्ये पहिल्या महायुद्धातून परतलेले बरेच सैनिक होते, आणि त्यांनी सरकारकडे मशीनगनच मागितल्या. नोव्हेंबरमध्ये मेजर मेरेडिथ दोन लुईस गन आणि १०,००० गोळ्या घेऊन आले. गोळीबार सुरू झाला की कळप फुटे, इमू लहान लहान टोळ्यांनी चारी दिशांना पांगत आणि टप्प्याबाहेर जात. बंदूक ट्रकवर चढवून पाठलाग केला, पण खडबडीत जमिनीवर गाडी त्यांना गाठू शकली नाही. डिसेंबरात मोहीम आटोपली तेव्हा अधिकृत दाव्यानुसारही मेलेले इमू हजाराच्या आत होते.

लोक ही गोष्ट हसत सांगतात. मला त्यात दोन्हीकडची ओढाताण दिसते. पीक हातचं जाणारा शेतकरी, आणि पावसाच्या मागे दरवर्षी चालत जाणारा पक्षी, ज्याच्या वाटेत आता नांगरलेली जमीन आणि पाणवठे आले होते.

रिया कुठला? तोही शहामृगच दिसतो.

दक्षिण अमेरिकेतला. करडा, शहामृगासारखे मोठे पंख असलेला, पण पायाला तीन बोटं. ऑस्ट्रेलियातही कधी शहामृग दिसला तर चक्रावू नका: फार्ममधून सुटलेल्यांची थोडी प्रजा तिथे रानात राहिली आहे.

किती वर्षं जगतात? आणि ते धोक्यात आहेत का?

शहामृग ४० वर्षांपर्यंत जगू शकतो, इमू रानात साधारण १० ते २० वर्षं, पाळलेला त्याहून जास्त. इमू आणि आफ्रिकेतला नेहमीचा शहामृग या दोन्ही जाती आज एकंदरीत सुरक्षित आहेत. सोमाली शहामृगाची स्थिती मात्र चिंतेची आहे. अरबस्तानातला शहामृग शिकारीने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत संपला.

इमूच्या बाजूचंही असंच. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला किंग बेटावर इमूचा एक ठेंगणा, काळपट प्रकार होता. सील मारायला आलेल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तो बेटावरून खाऊन संपवला. त्याआधी एका फ्रेंच मोहिमेने काही पक्षी जहाजावरून पॅरिसला नेले होते. त्यांतला शेवटचा तिथेच, पिंजऱ्यात, १८२२ साली मेला.